गच्चीवरचे डबे

(एका जुन्या इमारतीचा जिना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला बोल्टने बसवलेलं घडीचं स्टूल.)

धाकटा : ...आणि शेअरबाजारातली तेजी काय त्या अ‍ॅपवाल्यांच्याच नावावर लिहून दिलीय का, ताई? फोन काय नुसता हवेवर चालतो? वर गच्चीवर सिग्नलच्या यंत्रांचे डबे लागतात, अँटेना लागतात, केबल लागते. ते बनवणाऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. म्हणून तर त्यांचे शेअर स्वस्त आहेत!

ताई : थांब. आधी मला बसू दे, मग तुझे डबे.

धाकटा : बस, बस. पिशवी दे इकडे. स्टूल हलत नाही ना?

ताई : स्टूल नाही हलत, गुडघा हलतोय. भाऊ जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि बहीण बिनलिफ्टच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. कारखान्यात कुणाला सांगायची सोय नाही.

धाकटा : मग मी दुसरं काय म्हणतोय? तो लिफ्टवाल्या इमारतीतला फ्लॅट बघून आलो ना आपण? आपलं साठवलेलं थोडंसं कमी पडतंय. सगळं या डबेवाल्यांच्या एका शेअरमध्ये टाकू. वर्षभरात आपण तिकडे, तुझा गुडघा सुटला. तू फक्त हो म्हण.

ताई : सगळं?

धाकटा : सगळं. दोघांचं हो असल्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा नियम तुझा. माझं हो आहे.

ताई : माझं नाही असतं तर ही कागदांची चळत पिशवीत घालून आणली असती का? वाचलाय मी त्यांचा ताळेबंद. बुटांच्या कारखान्याचे हिशेब लिहून चष्मा जाड झाला, पण एवढं कळतं. कर्ज नाही, नफा बरा, आणि भाव अगदी मातीमोल. खोटं कशाला बोलू, मलाही मोह झालाय. त्या फ्लॅटची खिडकी डोळ्यांसमोरून जात नाही.

धाकटा : बघ!

ताई : सांग बघू, कुठे कुठे दिसले त्यांचे डबे? मला ऐकायचंय.

धाकटा : कुठे नाही ते विचार. लिफ्टचं मशीन असतं वर, त्यामुळे माझा निम्मा दिवस गच्चीवरच जातो. दवाखान्याच्या गल्लीतली पिवळी इमारत घे. टपाल ऑफिसच्या मागची घे. तुझ्या दातांच्या डॉक्टरची घे. मशीनरूमचं दार उघडलं की समोर तोच करडा डबा आणि त्यावर यांचा निळा शिक्का. एक गच्ची सुटलेली नाही!

ताई : दातांच्या डॉक्टरची इमारत केव्हाची रे?

धाकटा : असेल आपल्या इमारतीएवढी.

ताई : आणि पिवळी?

धाकटा : ती तर हिच्याहून म्हातारी. दर पावसाळ्यात तिची मोटर रुसते.

ताई : टपाल ऑफिसच्या मागची?

धाकटा : जुनीच. तू काय इमारतींसाठी स्थळं बघतेयस का?

ताई : नव्या इमारतींच्या लिफ्ट कोण बघतं?

धाकटा : ज्यांनी बसवल्या ती कंपनी. वॉरंटी असते ना. तिथे आम्हाला कोण विचारतो? आमच्या वाट्याला सगळी खटारा...

ताई : बोल ना. थांबलास का?

धाकटा : ताई, जरा गप्प बस.

ताई : मी तोंडसुद्धा उघडलेलं नाही.

धाकटा : मी जुन्याच गच्च्या बघत होतो. महिनाभर. जिथे लिफ्ट बिघडते तिथेच जाणार मी! डबेसुद्धा तिथले. तेव्हाचे. आत्ता यांचे डबे कुणी घेतंय की नाही, मला काय ठाऊक? मूर्ख आहे मी, ताई. तुझी सगळी पुंजी घालवून बसलो असतो.

ताई : आपली पुंजी. आणि घालवली नाहीस अजून. चल, हात दे. तिसऱ्यापर्यंत जाऊ, मग काय ती बोंब मार.

धाकटा : तुला हसू येतंय?

ताई : येतंय. लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळताना एकाच खांबाला मिठी मारून "सगळे सापडले" म्हणून ओरडायचास, ते आठवलं. हळू रे, ओढू नकोस.

धाकटा : तरी मागच्या आठवड्यात डोळ्यांसमोर होतं. लिफ्टच्या कंपनीतल्या मित्राला मोटर उचलायला हात हवा होता, म्हणून त्या नव्या काचेच्या इमारतीवर गेलो होतो. तिथे सगळे छोटे पांढरे डबे, दुसऱ्याच कंपनीचे. मला वाटलं, असेल एखादी गच्ची वेगळी.

ताई : त्या पांढऱ्या डब्यांची कंपनी मला माहीत आहे. तिचा भाव कधीच आभाळाला गेलाय. थांब, इथे टेकू दे भिंतीला.

धाकटा : दुखतंय फार?

ताई : नेहमीचंच. ते कोपराला काय लागलंय?

धाकटा : तिथलंच. केबल डब्यात शिरते ना, तिथे पितळी जोड असतो. मोटर सरकवताना घासला. अख्खा शिक्का उमटला होता कातडीवर. जुन्या डब्यांवरही मेले हेच जोड, दरवेळी खरचटतं... ताई.

ताई : हं. ऐकतेय.

धाकटा : जुन्यावरही तेच जोड. नव्यावरही तेच. डबा कुणाचाही खपो, जोड यांचाच!

ताई : शिक्का कसला? तीन रेघा आणि गोल?

धाकटा : तुला कसं कळलं?

ताई : स्वस्त शेअरांच्या माझ्या यादीत होती ती कंपनी, कागदावर हाच शिक्का होता. नुसते जोड आणि क्लॅम्प बनवतात. मी म्हटलं, काय हे कंटाळवाणं, आणि पान उलटलं. भाव पडून आहे बिचारीचा, कुणी विचारत नाही. म्हणजे शहाणी मीही तेवढीच.

धाकटा : मग घेऊ या! उद्याच!

ताई : बघ, सुटलास पुन्हा! आधी तू मित्राबरोबर आणखी चार नव्या गच्च्या बघून ये. मी ताळेबंद नीट वाचते. तरीही पटलं, तर थोडे घेऊ. थोडेच.

धाकटा : थोड्याने काय होणार? तो फ्लॅट हातचा जाईल. मला तुला या जिन्यावर बघवत नाही गं.

ताई : ठाऊक आहे. माझ्यासाठी धावतोस म्हणूनच घसरतोस. जाऊ दे फ्लॅट, दुसरा मिळेल. तोवर एक कर.

धाकटा : काय?

ताई : इथे तिसऱ्यावरही एक स्टूल लाव.

धाकटा : उद्या सकाळी कामावर जायच्या आधी लावतो.

ताई : दोन लाव. मघापासून तुलाही धाप लागलीय.