रोवणीची मशीन

सबसिडीवर धानरोवणीची मशीन घ्यायचीच, असं ठरवून करडीच्या गोदावरीबाई शेतकी कार्यालयाच्या रांगेत उभ्या होत्या. पुढच्या दोघांचं बोलणं कानावर येत होतं.

"धनीरामभाऊ, सबसिडीची मशीन कशी चालून राहिली?"

"धानाच्या एवढ्याशा बांधीत वळतच नाई ना! वळवाले गेलो, त बांधीचा धुरा फुटला. सारं पानी शेजाऱ्याच्या बांधीत."

"मंग?"

"त्याचं धान असं पिकलं का इचारू नोको."

"अन् तुमचं?"

"मशीनसंग फोटो मस्त आला."

"आता कोठी हाये मशीन?"

"आंगणात. कोंबड्या बसतात तिच्यावर. अंडे वाढले ना बाप्पा!"

धनीराम मागं वळला.

"तुमी कायले आल्या, बाई?"

"मशीनसाठीच."

"कोंबड्या किती हायेत?"

"दोन."

"मंग लहानी घ्या."