रेखाच्या हातची काळी डबी

नको हो श्रीरंगराव, माईक कशाला? शेताच्या बांधावरून हाका मारून कमावलेला आवाज आहे माझा.

तर अध्यक्ष श्रीरंगराव, ज्यांना आज निरोप द्यायचा ते रेखा आणि चंद्रशेखर, आणि वड्यांच्या वासाकडे नाक लावून बसलेले समस्त ॲन आर्बरकर, सरलामावशीचा नमस्कार. ही दोघं सनीव्हेलला निघाली. तिकडे स्नो नाही, म्हणजे चंद्रशेखरला दर हिवाळ्यात बर्फ उपसून पाठ धरून बसायला नको.

टेबलावरची ही काळी डबी बघितलीत? आपल्या गणपतीच्या अक्षतांसाठी रेखानं केली. शेजारच्या जपानी बाईंकडे शिकली. शिंपल्याचे कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ तुकडे चिकटवायचे, वरून झाडाच्या चिकाची लाख फासून ते बुडवायचे, आणि वाळलं की पुन्हा दिसेपर्यंत घासत बसायचं. मी म्हटलं, "अगं, झाकायचेच होते तर लावलेस कशाला?" तर म्हणते, "मावशी, थांबा ना जरा."

तो ओला चीक तिला बाधला. हातांवर फोड आले. तशीच गेल्या गणपतीत मोदक घेऊन आली, तेव्हा मी सुमित्राच्या कानात म्हटलं, "खरूज दिसतेय गं." आता माझं कानात बोलणं तुम्ही जाणताच. आमचे हे असताना म्हणायचे, सरलाची जीभ वेशीबाहेर बांधा. सगळ्या हसल्या. मोदकांना कुणी हात लावला नाही. आपले डॉक्टरसुद्धा म्हणाले, "डाएटवर आहे." रेखानं ट्रेला फॉइल लावली आणि गाडीत नेऊन ठेवला. पुन्हा तिला कुणी स्वयंपाकाला बोलावलं नाही. डबी मात्र तिनं आणून दिली.

पुढे लाखेचं कळलं, तर तुम्ही मलाच सांभाळून घेतलंत. "मावशी खेड्यातल्या, त्यांना जपानी लाख काय ठाऊक?" रेखाही तेच म्हणाली. मीही मान डोलावली.

बोलू दिलंत, उपकार झाले. कमीजास्त बोलले असेन तर पदरात घ्या, एवढं म्हणून बसणार होते. विनय, व्हिडिओ चालू आहे ना? राहू दे.

रेखा, आमच्या गावी बिब्बे फोडणाऱ्या बायकांचे हात त्या तेलानं अगदी तुझ्यासारखेच उततात. लहानपणापासून बघितलेत. त्या दिवशी तू यायच्या आधी जो तो तुझ्याच मोदकांचं विचारत होता, मी करून आणलेल्या मोदकांचं कुणी विचारलं नाही.

खरूज नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.