दुप्पट काढलेलं तळं

त्या संध्याकाळी बाबांनी शहराच्या नव्या विकास आराखड्यावरची हरकत लिहून माझ्यापुढे ठेवली. "नेऊन देशील?"

"तुमच्या नकाशातल्या त्या तळ्याच्या चुकीपायी बढती घालवलीत, बाबा. पुरे की आता," म्हणत मी कुकर लावायला गेले.

सकाळी ते उठलेच नाहीत.

हरकतींच्या शेवटच्या दिवशी तो कागद घेऊन मी रांगेत उभी राहिले. पुढे दोन म्हातारे मित्र बोलत होते.

"जुन्या नकाशात तळं दुप्पट होतं, म्हणून काठच्या मैदानावर इमारती आल्या नाहीत."

"नकाशा काढणाऱ्याची चूक, दुसरं काय!"

"चूक कसली? रोज कठड्यावर बसून आपला खेळ बघायचा तो. चष्मेवाला."

"तू पहिल्याच चेंडूवर बाद व्हायचास, तेही बघितलं असेल."

"गप रे. माझी नातवंडं तिथंच सायकल शिकली. आता तळं नीट मोजलंय म्हणे. म्हणजे मैदान गेलंच."

खिडकीतल्या बाईंनी माझा कागद वाचला.

"अर्जदार आले नाहीत?"

"वारले."

"मग हरकत कुणाची लिहू?"

"माझी लिहा," मी म्हणाले. "बाबांचं बरोबर होतं."