चुन्याचा हात

(जुन्नर, सन १९१३. कागद करणाऱ्यांची आळी, भाद्रपदातली सकाळ.)

अकबर : दिली, बाबा, दिली! दर साली दारात येऊन हात जोडतोस, दर साली मी माफी देतो. आता बस की त्या बाजंवर.

पुनमचंद : कशाची दिलीस, ते तरी विचार.

अकबर : मला काय ठावं? तुमची जैनांची संवत्सरी. गावभर हिंडता, कळत-नकळत चुकलं आसंल म्हणता, आमी म्हणतो जाऊ द्या. अम्मी, पुनम आलाय!

बिबिजान : आले रे. थांब पुनम, पानी आनते. पुन्यात मास्तर झालास, पर अंगावर मूठभर मांस न्हाई चढलं.

पुनमचंद : पाणी नको, चाची. आज कडकडीत उपास आहे. अकबर, घोडेगावची फुटबॉलची मॅच आठवते?

अकबर : सणाच्या दिवशी ती कशाला उकरतोस?

पुनमचंद : त्या साली आपल्या अन् घोडेगावकडच्या, दोन्ही तालुक्यांतून एकच मुलगा निवडायचा होता. अभ्यासात पुढे, खेळात सचोटीचा. त्याला सनद, अन् पुण्याच्या शाळेत फी माफ. पहिला नंबर तुझा होता. मी दुसरा.

अकबर : मंग मी हातानं गोल केला. संपलं.

पुनमचंद : तू केलास?

अकबर : चौघं एकमेकांवर पडलो व्हतो. कुणाचा हात, कुणाचा पाय, काय उमगतंय! पंच म्हणले, चेंडू चुन्याच्या रेघेवर लोळलाय, हात दाखवा. माझा पांढरा निघाला.

पुनमचंद : तुझा रोजच पांढरा असायचा. शाळेआधी कागदासाठी चिंध्या चुन्यात घालून यायचास.

अकबर : तसं म्हणलो व्हतो. समदे हसले.

पुनमचंद : मी नाही हसलो. मी धोतराला हात पुसत होतो.

अकबर : काय म्हणलास?

पुनमचंद : चेंडू मी ढकलला, अकबर. जाणूनबुजून.

बिबिजान : या अल्ला!

पुनमचंद : दर संवत्सरीला ठरवून यायचो, आज सांगायचंच. दारात पाय टाकला की तू आधीच 'दिली' म्हणायचास. मी तेवढी घेऊन परत फिरायचो. लाज वाटते रे. यंदा मुलगा निवडायचं काम माझ्याकडे आलंय. सचोटीचा मुलगा मी निवडायचा! आठ दिवस झोप नाही.

बिबिजान : ह्याच्या अब्बांनी म्हैनाभर ह्याच्याशी बोलनं टाकलं व्हतं, पुनम. आपली लबाडी आमच्या धंद्यावर ढकलतो, चुन्याचं नाव घेतो, म्हनून. जाईस्तवर त्यांच्या मनातून गेलं न्हाई ते.

अकबर : अन् मीबी म्हणत गेलो, लागला आसंल माझाच हात. नऊ सालं! आळीतली पोरं खेळाय बोलावतात, मी जात न्हाई. कुणी हात बघितला की मुठी मिटतो.

पुनमचंद : ही घे. सनद आणलीय.

अकबर : बघू. हा ताव आमचाच की. बक्षिसासाठी चांगला ताव आण, आसं मास्तर म्हणले व्हते. मॅचच्या आधीची गोष्ट. आख्खी दुपार दगडानं घोटला मी, आरशावानी. म्हणलं, आपलंच नाव येणार ह्याच्यावर.

पुनमचंद : उद्या आपल्या शाळेत सगळ्यांसमोर सांगणार आहे. मास्तर असते तर...

अकबर : मास्तर न्हाईत, अब्बा न्हाईत. आता सांगून कुणाला कळवतोस? ने ही परत. आमच्यात कुणी ह्याच्यात पुडीबी बांधायचं न्हाई.

पुनमचंद : मला माफ कर, अकबर.

अकबर : न्हाई. आजवर दिल्या त्या माफ्या ठेव, मला ठावं नव्हतं कशाच्या त्या. आज ठावं झालं. पुढल्या साली ये. यंदा न्हाई.

पुनमचंद : येईन.

अकबर : अन् उद्या पोरगा निवडशील, तर हात बघून निवडू नको.

पुनमचंद : चाची, कब्रस्तानात जाऊन आलो तर चालेल? चाचांना सांगतो. मला कुणी अडवेल का?

बिबिजान : कोन अडवतंय? जा. जरा मोठ्यानं बोल, बाबा. त्यांना कमी ऐकू यायचं.