लाल दिव्याला थांबलेली बाई

आणि पहिलीच सूचना काय, तर 'शांत राहा'! वाचा ना तुम्हीच, समोरच्या भिंतीवर लावलाय तो तक्ता, 'अपघात झाल्यास चालकाने काय करावे', आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात 'शांत राहा'. हे ज्यानं लिहिलं त्याची गाडी कधी कुणी ठोकली असेल असं मला काही वाटत नाही. सर मला म्हणाले, मावशी, तुम्ही आमच्याकडेच गाडी शिकलात, तुमचा अनुभव ताजा आहे, नव्या बॅचला दहा मिनिटं काहीतरी सांगा. ताजा अनुभव म्हणे, जशी काही मी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन आले... बरं, सांगते.

थांबले होते मी. हे आधी लक्षात घ्या, कारण पुढे सगळे विसरतात. लाल दिवा, मी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, हँडब्रेक ओढलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, म्हणजे सरांनी शिकवलं अगदी तस्सं, फोटो काढून पुस्तकात छापावा असं, आणि मागून धाडकन! मी पुढे, चष्मा त्याच्याही पुढे, पर्स खाली आणि पर्समधला सगळा संसार पायाशी. आता तक्त्याप्रमाणे काय करायचं? चारी दिवे लुकलुकत ठेवायचे, इंजिन बंद करायचं, स्वतःला लागलंय का बघायचं, मग दुसऱ्याला. मी दिव्यांचं बटण शोधायला गेले तर वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर, करकर करकर... घाबरून इंजिन बंद केलं तर ते अर्ध्यातच उभे राहिले, दोन्ही हात वर करून शरण आल्यासारखे. मी दार उघडलं, खाली उतरले, मागच्या गाडीतून एक गृहस्थ उतरत होते, फोन अजून कानालाच, आणि त्यांच्याकडे बघून मी म्हटलं,

"चुकलं माझं."

हसू नका. तुमच्यात ज्या बायका आहेत त्या हसत नाहीयेत, बघा. अहो, हे वाक्य मी बोलत नाही, ते आपलं आपण येतं. दूध उतू गेलं, चुकलं माझं. पाहुणे उशिरा आले आणि जेवण गार झालं, चुकलं माझं. सासूबाई स्वतःच्याच चष्म्यावर बसल्या, तेव्हाही चुकलं माझंच, खुर्ची मीच तिथे ठेवली होती ना! त्यात चूकबिक काही नसते, ते भांडण मिटवायचं औषध आहे, आणि घरात आजवर कधी वाया गेलेलं नाही. रस्त्यावर त्याचा कबुलीजबाब होतो हे मला कुणी सांगितलं होतं का? ते फोनवाले गृहस्थ आधी फोनमध्ये म्हणाले, नंतर करतो रे, एका बाईनं गाडी मध्ये घातलीय. आणि मग जमलेल्या लोकांकडे वळून, कीर्तनकारासारखे दोन्ही हात पसरून,

"ऐकलंत ना सगळ्यांनी? बाई स्वतःच म्हणाल्या."

आणि ऐकलं हो सगळ्यांनी. गर्दी कुठून येते हो एवढी? एरवी त्या चौकात पत्ता विचारायला माणूस सापडत नाही. पार्लरमधली बाई आली, तिच्यामागे अर्धे केस रंगवलेली दुसरी आली, हेल्मेटवाले आले, भाजीची पिशवी घेतलेले आजोबा आले. एक म्हणतो गाडी हलवू नका, पुरावा जातो. दुसरा म्हणतो आधी हलवा, मागे रांग लागलीय. आजोबा म्हणाले, पुढची हलवा, मागची राहू द्या. आणि सगळे मिळून मला ओरडून सांगतायत, बाई शांत राहा, शांत राहा! अहो, त्या चौकात तोंड बंद असलेली मी एकटीच होते.

खरं काय करायचं ते सांगते, सरांना विचारून आलेय. कुणाला लागलं असेल तर आधी दवाखान्याला फोन, बाकी सगळं नंतर. लागलं नसेल तर गाड्या हलवायच्या आधी फोटो काढायचे, दोन्ही गाड्या, दोन्ही नंबर, रस्ता आणि जमलं तर दिवासुद्धा. मग गाडी कडेला. फोटो तर त्या दिवशी सगळ्यांनीच काढले. पण माझे! मी चौकातच उभी असताना नणंदेला तिच्या कुठल्याशा ग्रुपवर माझा फोटो आला, चष्म्याशिवाय, केस पिंजारलेले, मागे उभे राहिलेले वायपर. आणि नंबरप्लेट? ती नेमकी अर्ध्या रंगवलेल्या बाईच्या मागे.

फोनवाल्यांचं म्हणणं ऐकायचंय? त्यांचं म्हणणं असं की मी थांबलेच कशाला. मी म्हटलं, लाल दिवा होता. तर म्हणाले, दिवा होता हो, पण चौकात कुणी होतं का? रिकाम्या चौकात थांबायचं होतं तर मागच्याला आधी हात दाखवायचा, मागच्यानं काय समजायचं? आणि गर्दीतले तिघं-चौघं मान हलवतायत, बरोबर आहे, बरोबर आहे. म्हणजे बघा, नियम मोडणारा चुकला तर एकटा चुकतो, पाळणारा मात्र सगळ्यांच्या मध्ये येतो.

मग मी घरी फोन केला. ती माझी खरी चूक. यांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? गाडीला किती लागलं. दुसरा प्रश्न, तूच ना? जसं काही त्याच वेळी आणखी एखादी बायको दुसऱ्या चौकात ठोकून घेत होती. मग म्हणाले, शांत राहा, कुणाशी बोलू नकोस, मी बघतो. आणि यांनी बघायला सुरुवात केली, म्हणजे मुलाला फोन लावला. मुलाचा मला फोन, आई, शांत राहा, फोटो काढलेस का? काढत होते रे, तेवढ्यात तू केलास. ठेवला, तर दिरांचा, वहिनी, विमेवाल्यांना कळवलं का, फोटो काढले का? ठेवला, तर नणंदेचा, वहिनी, फोटो बघितला, बरी आहेस ना, जरा केस तरी बांधायचेस. ज्या फोननं फोटो काढायचे त्याच फोनवर सगळे विचारतायत फोटो काढलेस का, आणि शेवटी तो बिचारा फोनच शांत झाला. त्या दिवशी ती सूचना त्यानं एकट्यानं पाळली.

पण तुम्हाला सांगते, मला बंपरचं काही वाटत नव्हतं. बंपर काय, लोंबत होता, लोंबू दे. मला धास्ती होती ती किल्लीची. माझी आई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, दोन बसगाड्या बदलायच्या, दुसरीला भरवसा नाही. 'अहो, मला जरा आईकडे सोडता का?' हे वाक्य बोलून बोलून माझी जीभ झिजली. मॅच संपल्यावर सोडतो, ऊन उतरल्यावर सोडतो, परवाच तर गेली होतीस ना. म्हणून या वयात गाडी शिकले, तुमच्यासारखीच इथे या बाकावर बसून. आणि आता 'बाईनं कबूल केलं' असं ठरलं, की किल्ली गेली. कायमची. घरात असल्या गोष्टींना अपील नसतं.

तेवढ्यात वाहतूक पोलीस आल्या. बाईच होत्या, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी लोंबणारा बंपर बघितला, वायपर बघितले, ते तर जरा जास्तच वेळ बघितले, आणि विचारलं, चूक कुणाची? फोनवाले म्हणाले, मॅडम, विषयच संपलाय, यांनी कबूल केलंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि खोटं कशाला सांगू, ते वाक्य परत जिभेवर आलं होतं. मिटवून टाकू, घरी जाऊ, हात-पाय धुऊ. मी ओठ दाबून धरले. मग म्हटलं,

"माझी नाही. मी थांबले होते."

"आणि मघाशी म्हणालात ते?"

"ते सवयीनं म्हटलं. हे विचार करून म्हणतेय."

पोलीसबाईंनी नुसतं खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, आणि फोनवाल्यांकडे बघितलं. त्यासरशी त्यांना एक फार महत्त्वाचा फोन आला. वाजला नाही तो, पण आला. आणि जे तिघं-चौघं मघाशी मान हलवत होते ते म्हणाले, आम्ही तेच म्हणत होतो, बाई थांबल्याच होत्या.

तेव्हा तेवढं एक वहीत लिहून घ्या. खाली उतरल्यावर माफी मागू नका. 'लागलं का हो तुम्हाला?' एवढंच विचारा. माणुसकी तेवढीच होते आणि अंगाशी काही येत नाही. नंबर द्या-घ्या, पोलिसांना आणि विम्याला कळवा, चूक कुणाची हे ठरवायला माणसं नेमलेली आहेत, त्यांचं काम आपण फुकट करू नये. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, काही दुखत नसलं तरी. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी उठले तर मान लाकडासारखी. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या घरात बैठक बसली, दीर आले, नणंद आली, मुलगा फोनच्या पडद्यावर. मी सगळं सांगितलं, कॅमेरा सांगितला, पोलीसबाई सांगितल्या. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी प्रेमानं म्हणाले,

"चूक तुझी नाही, हे मान्य. पण अपघात तर तुलाच झाला ना?"

उत्तर देणारच होते, पण मान हलेना. 'नाही' म्हणायला मान हलवता येत नव्हती, तर तीच संमती समजून सगळे चहाला उठले. एक किल्ली गॅरेजवाल्याकडे होती, दुसरी माझ्या पर्समधली यांनी काढली आणि शर्टाच्या खिशात घातली. तुझ्याच काळजीपोटी, म्हणाले.

ठीक आहे. पण मला सांगा, शर्ट धुतं कोण? खिसे तपासून शर्ट मशीनमध्ये टाकणं हे या घरात कुणाचं काम? यांना मशीनचं झाकण कुठल्या बाजूनं उघडतं तेही ठाऊक नाही. मी खिसा उलटा केला, त्यात एक रुमाल, एक बसचं तिकीट आणि माझी किल्ली. रुमाल धुतला, तिकीट फेकलं, किल्ली शिवणाच्या डब्यात ठेवली. चोरी नाही म्हणत याला, आपलीच वस्तू. पुढचा आठवडाभर हे काहीतरी शोधतायत. सोफ्याखाली, गादीखाली, बुटात. मी विचारलं, काय हरवलं? काही नाही म्हणाले, व्यायाम करतोय. आणि एक दिवस गपचूप गॅरेजमधली किल्ली नेऊन तिच्यावरून नवी करून आणली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, ही तूच सांभाळ, मला दहा व्याप असतात, कुठेकुठे लक्ष देऊ.

मी म्हटलं, बरं.

तर अशा आता माझ्याकडे एका गाडीच्या दोन किल्ल्या आहेत, आणि कुणी मागत नाही. मग गाडी कुठाय, असं ती पुढच्या बाकावरची विचारतेय. गाडी गॅरेजमध्येच आहे, बंपर यायचाय. विचारलं की गॅरेजवाला म्हणतो, उद्या. आज इथे बसनंच आले, उभ्यानं. मागून पाच-सहा धक्के बसले, एकानं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही... आणि त्यासाठी सरांकडे तक्ता नाही, मी विचारलं.