एसीवाले काका

कल्याणला मोहन्याच्या शेअर रिक्षाच्या रांगेत एक बाप-लेक माझ्या पुढेच उभे होते. लेकीच्या गळ्यात कॉलेजचं आयकार्ड होतं.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"काय बोलू? आयकार्ड घरी विसरलीस, मी आणून दिलं. झालं."

"कम्प्युटर लॅबमध्ये बाहेरचं कोणी आलेलं सरांना चालत नाही. माझं लॉगिनच बंद केलं असतं त्यांनी. प्रॅक्टिकल तोंडावर आलंय."

"मला काय ठाऊक? दारात सगळ्यांच्या चपला दिसल्या, मीपण काढल्या आणि आलो आत."

"सर एकदम समोर आले, म्हणून तोंडातून निघून गेलं. एसीवाले काका आहेत म्हणून."

"हां. मग ते म्हणाले, बघा जरा, थंडच होत नाही. चढलो स्टुलावर."

"तुम्ही कशाला चढलात पण?"

"तू खोटी पडली असतीस ना, रुचिता. जाळी काढली, रुमालाने पुसली, परत लावली. मला दुसरं काय येतंय त्यातलं?"

"सॉरी बाबा. सरांची खूप भीती वाटली मला."

"ते कळलं गं. त्याचं काही नाही."

"मग गप्प का आहात मघापासून?"

"नंतर सर फोन आला म्हणून बाहेर गेले. मी दारात चपला घालत होतो. तुझ्या मैत्रिणीने विचारलं, कोण गं हे?"

"तुम्ही ऐकलंत ते?"

"एसीवाले काका, असंच म्हणालीस. तेव्हा सर नव्हते गं तिथे."