वाटीतला पांढरा खडा

पाहुणे गेल्यावर घरात सामसूम झाली होती. नीताच्या हातून वाटी ओट्यावर टणकन पडली आणि पाठोपाठ फोन वाजला. पदराला हात पुसत तिनं तो उचलला.

हॅलो?… हां ताई, बोल. आवरतेय गं… गेले ना, तास झाला… काय? नकार कळवतेस? का?… मोहनमामांनी बूथवरून फोन केला? एवढ्यात?… मुलगी घुमी वाटली? रेवा? ताई, थांब. पेणला तिच्या घरी काही कळवू नकोस. आधी माझं ऐक.

अगं ऐक ना… सकाळी आपल्या सत्यजीतनं दाढी करताना हनुवटी कापून घेतली. हो, आजच. मुलगी बघायची म्हणून लक्ष कुठे होतं त्याचं, दुसरं काय. कापूस झाला, हळद झाली, रक्ताला खळ नाही. शेवटी तुरटी ओली करून दाबली… हो, ह्यांचं व्याख्यान झालंच, तुरटीनं शिरा आकसतात म्हणून… थांबलं की, लगेच थांबलं.

ती तुरटी मी ओट्यावर ठेवली… धुतली होती गं, देवाशप्पथ. आणि आमच्या अनुष्कानं ती खडीसाखरेच्या वाटीत टाकली. चार वर्षांची पोर, तिला सगळे खडे पांढरेच… हो… हो ना, तीच वाटी मी पुढे केली. रेवानं नेमका तोच उचलला.

हसू नकोस, पुढे ऐक… थुंकेल कशी? समोर मोहनमामा. "स्वयंपाक येतो का? गाणं येतं का?" जिथे शिरा आकसतात तिथे जिभेचं काय होणार? ओठ मिटून नुसती मान हलवत होती बिचारी.

मला? मला जाताना कळलं. हात धुवायला मोरीशी आली, रुमालातून खडा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणते कशी, "ताई, हा बहुतेक त्यांच्या हनुवटीचा." मग दोघी तोंडाला पदर लावून जे हसलोय… घुमी म्हणे.

सत्यजीत? पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेलाय… नाही ना अजून आला. तेच म्हणतेय मी, पेणच्या तीन गाड्या गेल्या असतील एव्हाना… हो ना? मग? होकार कळवायचा ना?… नक्की?

थांब हं, ही पदर ओढतेय. काय गं अनू?

"आई, सत्यजीतमामाचं उष्टं तिनं खाल्लं ना? मग ती आत्ताच मामी झाली का?"